घरच्या शाळेत मराठी कुठून सुरू करावी?

गोव्यात मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबे अजून मोजकीच आहेत. पण आता ती आहेत, आणि त्यांतली काही आपल्याच घरांतली, म्हणजे कोंकणी बोलणारी आणि मराठी वाचणारी आहेत. अशा आईबापांशी बोलताना एक गोष्ट हटकून लक्षात येते. गणिताबद्दल त्यांचे काही ना काही ठरलेले असते, विज्ञानाबद्दल तर उत्साहच असतो. इंग्रजीसाठी परदेशी अभ्यासक्रमाचा आख्खा खोका घरात येऊन पडलेला असतो. पहिल्या आठवड्यात काय वाचायचे, दुसऱ्यात काय, आईने मुलासमोर नेमके कुठले वाक्य उच्चारायचे, इथपर्यंत सगळे छापील. मग मराठीचा विषय निघतो आणि प्रश्न येतो, "असाच एखादा मराठीचा सेट मिळतो का हो?"

मिळत नाही. आणि मिळत नाही हे एका परीने बरेच आहे, असे माझे मत आहे.

तसे पाहिले तर हा प्रश्न फक्त घरशाळावाल्यांचा नाही. ज्यांची मुले इंग्रजी माध्यमात जातात त्यांच्या घरी मराठी म्हणजे आठवड्याच्या चार तासिका आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची धावपळ. तिथेही आई किंवा आजी संध्याकाळी जे काही वाचून घेते तीच मुलाची खरी मराठी शाळा. मराठीपुरते बोलायचे तर आज गोव्यात आपण बहुतेक सगळेच घरशाळावाले आहोत, फक्त तसे म्हणत नाही.

हे असे का झाले त्याचा इतिहास इथल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मुक्तीनंतर बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांत एक पिढी वाचायला शिकली. १९८७ साली राजभाषा कायदा आला. १९९० पासून सरकारी अनुदान मराठी-कोंकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच, असे धोरण ठरले. २०११ साली ते इंग्रजी माध्यमालाही देण्याचा निर्णय झाला आणि पुन्हा रस्त्यावर मोर्चे निघाले. या सगळ्या काळात आपण भाषेसाठी भांडलो खूप. मात्र भांडणाऱ्यांच्या घरात डोकावले तर दिवाणखान्यातल्या कपाटात पु. ल. असतात, ज्ञानेश्वरी असते, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर एकही मराठी पुस्तक नसते. मोर्चात मीही गेलो आहे, म्हणून हे बोलण्याचा अधिकार घेतो. गावची मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडली की आपण सरकारला दोष देतो, तो काही अंशी खराही आहे. पण ती उंचीची फळी रिकामी ठेवायला सरकारने सांगितले नव्हते.

असो. मुद्द्यावर येतो.

मराठी शिकवायचे ठरवले की आईबाप पहिली गोष्ट करतात ती ही : बालभारतीचे पहिलीचे पुस्तक उतरवून घेतात. पुण्याची बालभारती १९६७ पासून पाठ्यपुस्तके काढते आहे, ती आता फुकट उतरवून घेता येतात, आणि त्यांतली कितीतरी सुंदर आहेत. माझा आक्षेप पुस्तकाला नाही. पाठ्यपुस्तक हे तीस मुलांचा वर्ग, एक शिक्षक आणि वर्षअखेरची परीक्षा या तिघांना एकत्र बांधण्यासाठी लिहिलेले असते. घरी एकच मूल आहे आणि परीक्षा नाही. त्यात ते पुस्तक असे धरून चालते की मुलाच्या कानावर दिवसभर मराठी पडते आहे. आपल्या मुलाच्या कानावर कोंकणी पडत असते.

हा फरक किती बारीक असतो बघा. रंगांचा पाठ घ्या. पुस्तक म्हणते लाल, पिवळा, पांढरा. मुलाला माहीत असतात तांबडो, हळदुवो, धवो. झाले, मूल गप्प बसते, आणि आईला वाटते याला रंगच ओळखता येत नाहीत! वास्तविक मराठीत 'तांबडा' हा शब्द लालइतकाच अस्सल आहे. तिथून सुरुवात केली तर मूल अर्ध्या वाटेवर आधीच उभे असते. तेच भाताचे. मराठी पुस्तकात मुलगा भात खातो, आपल्याकडे भात शेतात पिकते आणि ताटात येते ते शीत. उदक म्हणजे पाणी, मागीर म्हणजे नंतर, नाल्ल म्हणजे नारळ. या जोड्या हसतखेळत समोरासमोर मांडल्या की मुलाला दोन भाषा कळतात. 'चुकलास, पाणी म्हण' असे म्हटले की त्याला एकच गोष्ट कळते, की आपल्या घरची बोली चुकीची आहे. असे वाटलेले मूल मराठी शिकत नाही, आणि कोंकणीही लाजत बोलायला लागते.

मग गोव्याच्या मुलाच्या कानावर मराठी मुळीच पडत नाही का? पडते, आणि भरपूर पडते. फक्त ती स्वयंपाकघरात पडत नाही. चवथीला घुमट-शामेळाच्या साथीने तासभर आरत्या चालतात त्या मराठी. देवळातले भजन मराठी, सप्ताहाला आणि दिंडीला म्हटले जाणारे अभंग मराठी, जत्रेच्या रात्रीचे नाटक मराठी. कीर्तनकार मराठीतच बोलतो. आजोबा सकाळी जो पेपर वाचतात तो मराठी, आणि त्यातल्या बातमीवरून जो वाद घालतात तो कोंकणीत! मराठी ही आपल्याकडे गायची, ऐकायची, रंगमंचावरची आणि छापलेली भाषा आहे. पुण्याच्या मुलाची ती जेवणाची भाषा असते. म्हणूनच पुण्याच्या मुलासाठी केलेला क्रम आपल्याला तंतोतंत बसत नाही.

हे आजचे नाही, हे जाता जाता सांगायला हवे. फादर थॉमस स्टीफन्स याने चारशे वर्षांपूर्वी सासष्टीत बसून लोकांना वाचून दाखवायला काव्य लिहिले ते मराठीत. १६१६ साली छापलेले क्रिस्तपुराण ते हेच, आणि छापले रोमन अक्षरांत. धर्माची प्रश्नोत्तरे मात्र त्याने कोंकणीत लिहिली, कारण ती रोज तोंडाने म्हणायची होती. कुठली भाषा मुखासाठी आणि कुठली ग्रंथासाठी, हा हिशेब त्या परक्या माणसाने आपल्या कानाने केला होता. आपण तो आपल्या मुलांसाठी करायचा कंटाळा करतो.

तर माझे म्हणणे असे की घरच्या शाळेत मराठी आरतीपासून सुरू करावी. भक्तीसाठी म्हणत नाही, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. जिथे आरती नको तिथे भजन घ्या, नाट्यगीत घ्या, आजीची अंगाईही चालेल. अट एकच, की मुलाला ते तोंडपाठ हवे. मोठ्या अक्षरांत एका कागदावर ओळी लिहाव्यात आणि म्हणताना मुलाने त्यांवरून बोट फिरवावे. पहिले काही दिवस बोट आणि तोंड यांचा मेळ बसत नाही, तोंड पुढे पळते. हळूहळू बोट थबकू लागते, आणि मुलाला पहिल्यांदा कळते की बोललेला शब्द कागदावर अमुक एका जागी बसलेला आहे. मग ओळी कातरून पट्ट्या कराव्यात, विस्कटाव्यात, पुन्हा लावायला द्याव्यात. त्यानंतर शब्द कातरावेत. एका आरतीतला 'देव' दुसऱ्या आरतीत सापडला की मूल ओरडत येते. शिवाय आपण सगळेच लहानपणी आरतीतले दोनचार शब्द भलतेच ऐकून वर्षानुवर्षे तसेच म्हणत आलेलो असतो. ते शब्द कागदावर खरे कसे आहेत हे पाहताना मुलाला जी गंमत वाटते ती कुठल्याही स्वाध्यायपुस्तिकेत नाही.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. पाठ असलेले म्हणणे म्हणजे वाचणे नव्हे. मूल भराभर बोट फिरवते आहे म्हणून पाहुण्यांसमोर त्याचे कौतुक करून थांबू नये. मधलाच एक शब्द उचलून वेगळ्या कागदावर लिहावा आणि बघावे. ओळखला तर वाचला. शिवाय आरतीची भाषा जुनी आणि जोडाक्षरांनी भरलेली, तिच्यातून अक्षरे शिकवत बसलो तर गाडी रुतेल.

म्हणून अक्षरांची गाडी दुसऱ्या रुळावरून चालवावी. आपल्याकडे सवय अशी की आधी अ ते ज्ञ, मग आख्खी बाराखडी, आणि हे सगळे घोकून झाले की मग शब्द. तोवर मुलाचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. त्यापेक्षा न, क, म, र, प ही पाच अक्षरे आणि एक काना घेऊन बघा : नाक, कान, मान, पान, रान, काका, मामा. पहिल्याच आठवड्यात मूल खरेखुरे शब्द वाचते, आणि यांतले बहुतेक शब्द कोंकणीतही तेच आहेत. पुढच्या खेपेला ड, ल, त आणि वेलांटी घ्यावी. म्हणजे माड आला, ताल आला, माती आली. अक्षरांचे असे गट पाडून शिकवण्याची रीत काही माझी नव्हे. महाराष्ट्रात वाचनशिक्षणावर काम करणाऱ्या मंडळींनी ती खेड्यापाड्यांतल्या मुलांबरोबर वापरून पाहिलेली आहे.

इंग्रजीच्या खोक्यातली ध्वनींची पद्धत इथे जशीच्या तशी उचलू नये, हेही सांगून ठेवतो. इंग्रजीत एका अक्षराचे पाच उच्चार असतात, म्हणून तिथे ध्वनींवर महिनोन्महिने घालवावे लागतात. देवनागरीत ती कटकट थोडी. 'चाक' आणि 'चहा' यांतले दोन च वेगळे आहेत, पण कोंकणी मुलाच्या जिभेला हे दोन्ही च जन्मापासून ठाऊक असतात. आपली अडचण निराळी आहे. ऱ्हस्व इकार लिहायचा अक्षराच्या आधी आणि म्हणायचा नंतर. एकटा र चार वेषांत येतो : प्रमाणातला, अर्कातला, ट्रकातला आणि दुसऱ्यातला. वेळ द्यायचा तो इथे.

आता पुस्तके. हाच भाग लोक सगळ्यांत आधी विचारतात आणि मी मुद्दाम मागे ठेवला.

चारपाच वर्षांच्या मुलासाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आधी आणावीत. राधाच्या, यशच्या गोष्टी. घरात रोज घडते तेच त्यांत घडते, चित्रेही लेखिकेचीच, आणि वाक्ये अशी की मोठ्याने वाचताना जीभ अडखळत नाही. मोठ्याने वाचणे हेच या वयातले मुख्य काम. रोज वीस मिनिटे, झोपण्यापूर्वी, आणि वाचताना मधूनच कोंकणीत बोलायला काही हरकत नाही. गोष्ट मराठीत, गप्पा कोंकणीत. आपल्या आज्यांनी पुराणे अशीच सांगितली. कवितांसाठी विंदा करंदीकरांच्या बालकविता घ्याव्यात. त्यांत उपदेश नाही, वेडेपणा आहे, आणि मुलांना नेमका तोच हवा असतो.

मूल स्वतः अडखळत वाचू लागले की त्याला खूप पुस्तके लागतात, सोपी आणि पातळ. इथे प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे २०१५ पासूनचे भांडार कामाला येते. मराठी गोष्टी तिथे पातळीवार लावलेल्या आहेत आणि फुकट आहेत. पडद्यावर वाचायला देऊ नयेत असे माझे मत. छापून, मधे टाचण मारून, पुस्तकासारख्या हातात द्याव्यात. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंकही घरबसल्या वाचता येतात. एकेकाळी 'चांदोबा' जे काम करत होता ते आता याच्यावरच आले आहे.

आठनऊ वर्षांच्या पुढे 'वाचू आनंदे' हे पुरंदऱ्यांनीच संपादित केलेले भाग आणावेत. बालगटासाठी वेगळे, कुमारगटासाठी वेगळे. मराठीतल्या नामांकित लेखकांचे वेचे त्यांत आहेत, आणि सोबत भारतीय चित्रकलेचे नमुने. ज्यांना सेटच हवा आहे त्यांच्यासाठी सेटच्या सगळ्यांत जवळ जाणारे मराठीत हेच. जोडीला त्यांचेच 'लिहावे नेटके' घेतले की व्याकरण, शब्दसंपत्ती, लेखन यांची सोय होते, तीही कंटाळा न आणता. त्यात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि ताम्हनकरांचा गोट्या मिसळावेत. फेण्याच्या मागे पळताना मूल एका बैठकीत पन्नास पाने वाचून काढते, आणि वाचनाचा वेग वाढायला दुसरा उपाय नाही.

'श्यामची आई'बद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे, आणि त्यावरून काही जणांनी माझ्याशी वाद घातला आहे. आपल्याकडे मुलासाठी पहिले मराठी पुस्तक घ्यायचे म्हटले की हात तिकडेच जातो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक मोठेच आहे, आणि त्यातले कोकण आपल्याला घरचेच वाटते. पण ते सात वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नये. त्यातली गरिबी, त्यातले मरण, त्यातला पश्चात्ताप हे सगळे झेलायला अकरा-बारा वर्षांचे मन लागते. आपण ते लवकर देतो ते मुलाने वाचावे म्हणून नव्हे, मुलाने आईचे ऐकावे म्हणून. मुलांना हे ताबडतोब कळते, आणि पुस्तक कायमचे मिटते.

आणि आपल्या मातीतले एक. सत्तरीतल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी यांचा 'मुलांचा संस्कृतिकोश'. हा वाचायचा नसतो, चाळायचा असतो. पावसाळ्याच्या दुपारी मूल त्यात कुठूनही शिरते आणि कुठूनही बाहेर पडते. गोव्याच्या माणसाने आख्ख्या मराठी मुलांसाठी असा ग्रंथ केला, हे आपल्या मुलांना माहीत असायला नको का?

ज्या गावात जत्रेला नाटक होते तिथे मुलाला एखादी लहानशी भूमिका मिळवून द्यावी, आणि त्याची नक्कल त्यालाच उतरवून काढायला लावावी. चार पाने हाताने लिहिताना जे शुद्धलेखन होते ते दहा पाने श्रुतलेखनाने होत नाही, कारण ओळ चुकली तर रंगमंचावर फजिती व्हायची असते.

लेखनाबद्दल आणखी थोडे. आपली मुले मराठी लिहिताना बहिणीबद्दल 'ते आले' असे लिहितात. कोंकणीत लहान मुलीला 'तें' म्हणतात, ते तसेच उतरते. शब्दाच्या शेवटचे अनुस्वारही कोंकणीतून मराठीत पाझरतात. यावर लाल रेघा मारत बसू नये. दोन वह्या कराव्यात, एक कोंकणीची, एक मराठीची. तोच प्रसंग, काल नदीवर गेलो तो, आज या वहीत आणि उद्या त्या वहीत लिहावा. लिपी एकच असल्यामुळे फरक डोळ्यांसमोर उभा राहतो आणि मूल तो स्वतःच दाखवू लागते. देवनागरी एकदा शिकली की दोन भाषांचे दार उघडते. मराठी आणि कोंकणी यांत निवड करा असे मुलाला सांगणारे लोक दोन्हीकडे आहेत. बोरकरांना कुणी तसे सांगून पाहिले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते, हा विचार मला नेहमी करमणुकीचा वाटतो.

ज्यांनी मुलांना शाळेत घातलेलेच नाही त्यांच्यासाठी परीक्षेचे दोन शब्द. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरशिक्षणासाठी वेगळे कलम नाही, आणि ही मुले बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून दहावी करतात. तिथे माध्यमिक परीक्षेला बसायला चौदा वर्षे पूर्ण लागतात. पाच विषयांत एक भाषा घ्यावीच लागते, दोन घेता येतात, आणि त्या भाषांत मराठी आहे. बहुतेक जण अर्ज भरताना इंग्रजी आणि हिंदी घेऊन मोकळे होतात. तसे करण्याआधी एकदा विचार करावा, एवढेच. पाच ते चौदा म्हणजे नऊ वर्षे या मुलांपाशी परीक्षेशिवायची असतात. शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलाला एवढी मोकळीक नसते, आणि ती पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नोत्तरांवर खर्च करणे मला तरी पटत नाही.

एवढी पुस्तके विकत घेणे सगळ्यांना जमणार नाही. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली पोर्तुगीजांनी सुरू केलेले हे ग्रंथालय आज ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली कृष्णकथा लिहिली ती मराठीतच. तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. मुलाला घेऊन जावे आणि त्याला एकटे कपाटांमधून फिरू द्यावे. त्याने उचललेले पुस्तक आपल्याला टुकार वाटले तरी नाक न मुरडता घरी आणावे, त्याच्या बदल्यात आपण निवडलेले एक त्याने चालवून घ्यावे. असा करार आधीच करून ठेवला की जाताना बसमध्ये भांडण होत नाही.